गोष्ट सांगून झाल्यावर पुढे काय होतं? (साहित्य महोत्सव, कथाकथन आणि गप्पा)

शब्दसखी

साहित्य महोत्सवातल्या परिसंवादांची एक ठरलेली चाल असते. मंचावर चौघं, विषय 'स्मृती आणि साहित्य' यासारखा ऐसपैस. प्रत्येकाची भूमिका मांडून होईपर्यंत वेळ संपत आलेली. मग घाईघाईत दोन प्रश्न, टाळ्या आणि सगळे पुढच्या मांडवाकडे. बोलणं भरपूर झालेलं असतं, पण बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नसतं.

आणि मग एखादं सत्र असं होतं की माणसं दारातच घोळका करून थांबतात. ओळखपाळख नसताना एकमेकांना काहीबाही सांगत असतात. स्वयंसेवक 'जरा पुढे सरका' म्हणून थकतात, तरी कुणी हलत नाही. हा फरक कशाने पडतो ते समजून घ्यायला हा धागा काढतेय. माझं मत आधीच सांगते. तिथे कुणीतरी गोष्ट सांगितलेली असते, एका माणसाची, एका प्रसंगाची, आणि तिचा अर्थ काय हे सांगायचं टाळलेलं असतं.

अशाच एका स्मृतीवरच्या सत्रात संवादकाने एका कादंबरीकार बाईंना विचारलं, वडील गेल्यावर तुम्ही सगळ्यात आधी कुठलं काम हातात घेतलंत? त्या म्हणाल्या, त्यांच्या नावावरचा फोन बंद करायला घेतला. फोन लावला तर पलीकडची मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलावं लागेल. बाई म्हणाल्या, ते वारले. ती म्हणाली, हो, पण नियमाप्रमाणे त्यांनीच सांगायला हवं. मग बाईंनी 'थांबा, देते' म्हटलं आणि फोन भावाच्या हातात दिला. भावाने वडिलांचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. "आवाज हुबेहूब निघाला. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले."

बस, एवढंच. संवादकाने 'म्हणजे स्मृती हे एक प्रकारचं अभिनयच नाही का' असलं काही विचारलं नाही. त्याने सरळ माइक प्रेक्षकांत दिला. एक गृहस्थ उठले. आई गेल्यानंतरही तिच्या आजारी मैत्रिणीला ते आईच्या नावाने पत्रं लिहीत राहिले होते, कारण ही बातमी तिला कळू द्यायची नाही असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. त्यांचं बोलणं संपतंय तोवर मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मला हे पटत नाही. त्या मैत्रिणीला रडायचा हक्क होता." आणि मग जो वाद पेटला! गेलेल्या माणसाच्या वतीने बोलावं का, कुणी बोलावं, कुठवर? मंचावरच्या चौघांपैकी तिघं नुसतं ऐकत होते.

हार्वे सॅक्स या समाजशास्त्रज्ञाने १९६० आणि ७० च्या दशकांत रोजच्या साध्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं घेऊन त्यांचा बारकाईने अभ्यास केला. एकाने गोष्ट सांगितली की ऐकणारा बरेचदा आपली 'दुसरी गोष्ट' सांगतो, हे त्याने दाखवून दिलं. ही दुसरी गोष्ट नुसती आठवली म्हणून आलेली नसते. पहिल्या गोष्टीत सांगणारा जिथे उभा होता, तिथेच ऐकणारा आपल्या गोष्टीत स्वतःला उभं करतो. तुझी गोष्ट मला नेमकी कशी समजली, हे तो त्यातून दाखवतो. मला वाटतं महोत्सवातल्या गप्पांचं मूळ इथेच आहे. श्रोत्याला दुसरी गोष्ट सांगायला जागा मिळाली की संवाद सुरू होतो.

तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर आधी तेच लिहा.

---

रातवा

धागा आवडला. या विषयात रात्रीचा मुद्दा यायलाच हवा.

पॉली वीझनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आफ्रिकेतल्या कलाहारीत राहणाऱ्या जुहोआन्सी लोकांचं दिवसाचं बोलणं आणि रात्री शेकोटीभोवतीचं बोलणं त्यांनी ताडून पाहिलं. दिवसा कामधंदा, देणंघेणं, एकमेकांबद्दलच्या तक्रारी. गोष्टींचा वाटा जेमतेम ६ टक्के. रात्री मात्र ८१ टक्के बोलणं गोष्टींचं, त्यातही बहुतेक खऱ्या, ओळखीच्या माणसांच्या. म्हणजे लोक तेच, भाषा तीच, फक्त उजेड आणि वेळ बदलली की बोलण्याची जातच बदलते.

आता महोत्सवांचं वेळापत्रक बघा. गोष्ट फुलेल अशी वेळ संध्याकाळची, आणि आपण ती सत्कार-समारंभांना देऊन टाकतो. गोष्टीवाल्यांना मिळते दुपारी दोनची वेळ.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या जोन्सबरो या छोट्या गावी १९७३ पासून कथाकथनाचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. जिमी नील स्मिथ या शाळामास्तरांनी गाडीच्या रेडिओवर एका विनोदी कथेकऱ्याचा किस्सा ऐकला आणि असे लोक आपल्या गावात का आणू नयेत, या विचाराने तो सुरू केला. पहिल्या वर्षी मंच म्हणजे एक गवताची गाडी आणि समोर साठेक माणसं! आता मोठमोठे तंबू असतात, रात्री उघड्यावर भुताच्या गोष्टी होतात. पण मला तिथली सगळ्यात आवडलेली व्यवस्था वेगळीच आहे. श्रोत्यांनाही आपली गोष्ट सांगता यावी म्हणून वेगळी जागा राखलेली असते. शब्दसखी, तुम्ही म्हणता ती 'दुसऱ्या गोष्टीची जागा' त्यांनी अक्षरशः आखून दिली आहे.

---

चिकित्सक

शब्दसखी, लेख उत्तम, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. गोष्ट संवाद सुरू करते तशी ती संवाद मारूही शकते, आणि माझ्या पाहण्यात दुसरा प्रकार जास्त.

मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांचं २००० सालचं संशोधन या विषयात पायाभूत मानलं जातं. वाचक गोष्टीत जितका ओढला जातो तितकं त्याचं मत गोष्टीच्या बाजूला झुकतं आणि तितक्या त्याला तिच्यातल्या खटकणाऱ्या जागा कमी दिसतात. म्हणजे रंगलेला श्रोता हा शंका घेणारा श्रोता नसतो. आता हेच सेन्सॉरशिप, युद्ध, स्थलांतर अशा विषयांवरच्या सत्राला लावून पाहा. मंचावर कुणीतरी स्वतःवर कोसळलेलं सांगतं. सभागृह सुन्न होतं. त्यानंतर ज्याला साधी शंका विचारायची असते, आकडा विचारायचा असतो, दुसरी बाजू मांडायची असते, तो गप्प बसतो. समोरच्याच्या दुःखाशी वाद कसा घालणार? नंतर सगळे 'केवढं प्रभावी सत्र' म्हणतात. अहो, प्रभाव पडला म्हणूनच तर कुणी बोललं नाही!

एडिंबरोला १९६२ साली जी आंतरराष्ट्रीय लेखक परिषद झाली ती आज साठ वर्षांनंतरही लोकांना आठवते. ती कशासाठी? गोष्टींसाठी नव्हे. ह्यू मॅकडर्मिड आणि अलेक्झांडर ट्रॉकी हे दोन स्कॉटिश लेखक भर मंचावर एकमेकांना भिडले म्हणून. पाच दिवस, पाच विषय, आणि सरळ आमनेसामने मतं. त्याच पाच विषयांवर २०१२-१३ मध्ये एडिंबरोपासून मेलबर्नपर्यंत वेगवेगळ्या देशांत पुन्हा सत्रं भरवली गेली. एका लेखकाने सुरुवातीचं छोटं भाषण करायचं आणि मग सगळ्या सभागृहाने चर्चा करायची, असा त्यांचा आराखडा होता. साहित्याने राजकीय असावं का? असा थेट प्रश्न टाका, लोक बोलतात. त्याला गोष्टीची कुबडी कशाला?

---

बोरूबहाद्दर

चिकित्सक यांना अनुमोदन. हल्ली प्रत्येक वक्ता 'एक छोटीशी गोष्ट सांगतो' म्हणून सुरू करतो आणि मुद्दा कधी येतच नाही.

---

कथेकरी

मी कथाकथन करते, महोत्सवांतूनही करते. चिकित्सकांच्या मुद्द्याची दुसरी बाजू मंचावरून दिसते ती लिहिते.

सुन्न सभागृह आम्हालाही नको असतं. पण बरेचदा ते आमच्याकडून मागून घेतलं जातं. संयोजकांचा फोन येतो, "ताई, ती तुमच्या भावाची गोष्ट सांगा ना, लोक फार हलतात." मी ती गोष्ट एका काळात सांगितली कारण मला ती सांगायची होती. मग ती माझ्या नावाला चिकटली. दर मंचावर तीच जखम उघडून दाखवायची आणि खाली उतरल्यावर सही द्यायची, हे माणसाला आतून पोखरतं. आता मी आधीच कळवते की कुठली गोष्ट सांगणार ते मी ठरवीन. काही ठिकाणची बोलावणी त्यामुळे थांबली. थांबू देत.

आणि एक कारागिरीची गोष्ट. सभागृह सुन्न होतं ते गोष्टीत दुःख आहे म्हणून नाही, सांगणारा निकाल देऊन थांबतो म्हणून. "त्या दिवशी मला कळलं की माणुसकी संपली आहे" असं शेवटचं वाक्य आलं की श्रोत्याला करायला काही उरत नाही. मान डोलवायची आणि उठायचं. शब्दसखींनी लिहिलेल्या फोनच्या गोष्टीत बाई 'मी उठून दुसऱ्या खोलीत गेले' इथे थांबल्या. का उठल्या? राग आला, रडू आलं, की भीती वाटली? हे त्यांनी सांगितलं असतं तर पत्रवाल्या गृहस्थांना हात वर करावासा वाटला नसता. गोष्ट कुठे सोडायची हे शिकायलाच आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, सुरुवात त्यामानाने सोपी.

न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या 'द मॉथ'च्या स्पर्धांमध्ये गोष्ट स्वतःची, खरी आणि कागदाशिवाय सांगायची असते, तीही पाच मिनिटांत. नावं पिशवीतून चिठ्ठी काढून पुकारतात, म्हणजे समोर बसलेला कुणीही पुढच्या क्षणी मंचावर असू शकतो. पाच मिनिटांची मर्यादा जाचक वाटते, पण तीच वाचवते. उपदेश करायला वेळच उरत नाही!

---

शब्दसखी

कथेकरी, तुमचा प्रतिसाद हा धाग्याचा खरा मजकूर आहे. मनापासून आभार.

चिकित्सक, ग्रीन आणि ब्रॉक यांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच मी गोष्ट आणि तिच्यानंतरची व्यवस्था या दोन्ही एकत्र धरते. रंगलेला श्रोता शंका घेत नाही हे खरं, पण तोच श्रोता स्वतःची गोष्ट सांगायला लागला की बाहेर येतो. मागच्या रांगेतल्या मुलीला कादंबरीकार बाईंशी वाद घालता आला नाही. पत्रवाल्या गृहस्थांशी मात्र तिने घातला, कारण ते मंचावर नव्हते, तिच्यासारखेच खुर्चीत होते. असहमतीला वाट मिळाली ती दुसऱ्या गोष्टीमुळे. एकच गोष्ट असेल आणि ती मंचावरचीच असेल तर तुम्ही म्हणता तेच होईल.

एडिंबरोबद्दल एवढंच म्हणेन की भांडण लक्षात राहिलं ते दोन लेखकांचं. सभागृहातल्या सामान्य वाचकाने काय म्हटलं ते कुणाला आठवत नाही. मला त्या वाचकाची काळजी आहे.

कथेकरींनी सांगितलेल्या त्रासावर एका उपक्रमाने चांगला मार्ग काढलाय. डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड महोत्सवात २००० साली 'मानवी ग्रंथालय' सुरू झालं. तो महोत्सव संगीताचा, पण कल्पना आता जगभर ग्रंथालयांत आणि साहित्य महोत्सवांत पोचली आहे. तिथे माणूसच पुस्तक असतो. समाजात ज्यांच्याबद्दल पूर्वग्रह आहेत अशी माणसं स्वखुशीने 'पुस्तक' होतात, वाचक त्यांना थोड्या वेळासाठी 'उसनं' घेतो आणि समोरासमोर बसून हवं ते विचारतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही असं पुस्तक म्हणू शकतं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की हजार माणसांसमोर एकाने बोलण्याऐवजी एका माणसासमोर एकजण बोलतो. तिथे सुन्न होऊन गप्प बसायची सोयच नाही, आणि चिकित्सक, तुमची साधी शंका तिथे बेधडक विचारता येते.

---

मांडवकर

गोष्ट चांगली की वाईट हे लेखकांनी बघावं. मी वर्षानुवर्षं महोत्सवांच्या संयोजनात आहे, तेव्हा खुर्च्या आणि माइकबद्दल लिहितो. अर्धा संवाद तिथेच ठरतो.

पहिली गोष्ट दोन सत्रांमधलं अंतर. दहा मिनिटं ठेवलीत तर लोक फक्त जागा पकडायला धावतात. अर्धा तास ठेवा. कार्यक्रमपत्रिकेतून काही सत्रं कमी होतात, प्रायोजक कुरकुरतात, पण लोक बोलतात. सह्यांचं टेबल मांडवाच्या दारापासून लांब, मोकळ्या जागेत ठेवा. सहीच्या रांगेत वाचकाला लेखकाशी बोलायला अर्धा मिनिट मिळतो आणि पुढच्या-मागच्या माणसाशी वीस मिनिटं. ती वीस मिनिटं आपण कधी मोजतच नाही.

प्रश्नोत्तरांचं म्हणाल, तर पहिला प्रश्न फार महत्त्वाचा. विद्यापीठांतल्या व्याख्यानांवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, दहा देशांतल्या जवळपास अडीचशे व्याख्यानांचा. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढच्या प्रश्नांत बायकांचं प्रमाण घटतं, असं त्यात दिसलं. महोत्सवातही मला हेच दिसतं, शिवाय पहिल्याने भाषण ठोकलं की मागचे तिघंही भाषणच ठोकतात. आम्ही आता एक साधी गोष्ट करतो. प्रश्न घेण्याआधी दोन मिनिटं सगळ्यांना सांगतो की शेजारच्या माणसाला सांगा, तुम्हाला यावरून काय आठवलं. दोन मिनिटं नुसता गलबला! त्यानंतर जे हात वर होतात ते वेगळ्याच लोकांचे असतात. एकदा शेजाऱ्याला सांगून झालं की माइकची भीती निम्मी होते.

संवादक निवडताना आम्ही प्रसिद्ध माणूस शोधत नाही. लेखकाचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेला आणि गप्प राहता येणारा माणूस शोधतो. दुसरी अट पाळणारे फार थोडे.

---

दुभाषी

मी भाषांतराच्या बाजूने. बहुभाषिक महोत्सवात परिसंवाद दुभाष्यामार्फत चालला की तो हटकून रेंगाळतो. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यामधला वेळ जगातल्या वेगवेगळ्या भाषांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो, दहा भाषांच्या २००९ मधल्या अभ्यासात तसं आढळलं. दुभाषी मध्ये आला की हा धागा तुटतो. मतं मांडणाऱ्याचं यात फार नुकसान होतं, कारण कोटी, उपरोध, झटकन दिलेलं उत्तर सगळं उशिरा पोचतं. गोष्ट मात्र थांबत थांबत सांगितली तरी चालते. उलट थांबल्याने उत्सुकता वाढते. दुभाष्याचं वाक्य येईपर्यंत सभागृह सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत असतं. अशा वेळी लोक किती लक्ष देऊन ऐकतात ते मी जवळून पाहते.

प्रिन्स्टन विद्यापीठात २०१० साली झालेला प्रयोग इथे आठवतो. एका मुलीने सांगितलेली साधी आठवण ऐकताना श्रोत्यांच्या मेंदूतल्या हालचाली तिच्या मेंदूतल्या हालचालींशी जुळत गेल्या, आणि जिथे श्रोते पुढचं आधीच ताडत होते तिथे समजही जास्त होती. तीच जुळणी रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवल्यावर दिसली नाही. म्हणजे नुसता सूर, नुसता हावभाव पुरत नाही, समजावंच लागतं. आम्हा दुभाष्यांच्या कामाचं मोल त्यात आहे.

कोलंबियातल्या मेदेयीन शहरात १९९१ साली, शहर हिंसाचाराने होरपळत असताना, कवितेचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. संध्याकाळी घराबाहेर पडायला लोक धजत नव्हते तेव्हा उघड्यावर, टेकडीवरच्या रंगमंचावर कविता वाचल्या गेल्या. कवी आपल्या भाषेत वाचतो, मग स्पॅनिशमधून. हजारो लोक दोन्ही ऐकतात. २००६ साली या महोत्सवाला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. त्या परिस्थितीत घराबाहेर पडून अनोळखी माणसाच्या शेजारी बसणं, हाच पहिला संवाद होता असं मला वाटतं. बालीतला उबुदचा लेखक-वाचक महोत्सवही असाच, २००२ च्या बॉम्बस्फोटांनंतर दोन वर्षांनी सुरू झालेला.

---

खारूताई

मुलांच्या सत्रांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

मोठी माणसं लेखकाला विचारतात, तुमची लेखनप्रक्रिया काय? मुलं विचारतात, मग त्या कुत्र्याचं काय झालं? लेखक म्हणतो, माहीत नाही, मी तिथे थांबलो. मग मुलंच सांगायला लागतात. एक म्हणतो घरी आला, दुसरी म्हणते नाही, तो म्हातारा होता, त्याला रस्ता आठवला नसणार. पाचव्या मिनिटाला तिथे म्हातारपणावर चर्चा चालू असते आणि एकाही मोठ्या माणसाने 'चर्चा करूया' म्हटलेलं नसतं. संवादकांना तयारी म्हणून मुलांच्या सत्रात आधी बसवायला हवं.

---

चिकित्सक

कथेकरींचा 'निकाल देऊन थांबणं' हा मुद्दा मला पूर्ण पटला. माझा आक्षेप बहुधा त्या जातीच्या गोष्टींनाच आहे. मांडवकरांची दोन मिनिटांची युक्ती तर्काधारित चर्चेलाही तितकीच उपयोगी पडेल.

एका जागी मात्र मी ठाम आहे. विषय सार्वजनिक धोरणाचा असेल तर गोष्टीनंतर कुणीतरी माहिती घेऊन बसलेलं हवं. फोनच्या गोष्टीवर सगळे शोकाबद्दल बोलले. पण तो नियम का आहे, तो बदलता येतो का, हे त्या सभागृहात कुणी विचारलं का? एका माणसाची गोष्ट एका माणसाचीच असते. बाकीच्यांचं काय होतं, हे कळायला आकडे लागतात.

---

शब्दसखी

नाही, कुणी विचारलं नाही. आणि तुमचं बरोबर आहे, त्या नियमाबद्दल बोलणारं कुणी तिथे असतं तर संवाद आणखी एका अंगाने वाढला असता. गोष्ट आधी आणि माहिती नंतर, हा क्रम मी धरीन. माहिती आधी आली की लोक विद्यार्थी होऊन बसतात.

---

पिंपळपान

वेळेवर धागा वर आला. आम्ही काही वाचनवेडे मिळून एक छोटा महोत्सव करतोय, पहिल्यांदाच. एकच मांडव, एकच दिवस. संवादकाला नेमकं काय सांगू?

---

मांडवकर

त्याला सांगा, पहिला प्रश्न भूमिकेबद्दल नको, प्रसंगाबद्दल हवा. 'तुम्ही का लिहिता' नको, 'त्या दिवशी तुम्ही कुठे होता' हवा. पाहुणा थांबला की मनात पाच आकडे मोजायचे, लगेच तोंड उघडायचं नाही. आणि अर्धा वेळ श्रोत्यांसाठी, शेवटची दहा मिनिटं नव्हे. खुर्च्या रांगांऐवजी अर्धवर्तुळात लावता आल्या तर बघा, बोलणाऱ्याचा चेहरा बाकीच्यांना दिसतो. एक माइक मागे न्यायला माणूस ठेवा, तो चपळ हवा.

---

कथेकरी

आणि पाहुण्याला आधी फोन करून विचारा, कुठली गोष्ट सांगायची नाहीये? त्यांनी जी सांगितली असेल ती संवादकाच्या कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवा.